राखडीखालचा पिवळा

आमच्या जिन्यात सध्या पाय ठेवायला जागा नाही. खालच्या पायरीपासून गच्चीच्या दारापर्यंत आईने मोहफुलं वाळत घातली आहेत. प्रत्येक पायरीवर जुन्या सुती साडीचा तुकडा, त्यावर फुलांचा थर आणि कडेला जेमतेम एक पाऊल मावेल एवढी वाट. ती वाट माझ्यासाठी सोडलेली. माझा स्टुडिओ गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत आहे, त्यामुळे रंगाचे डबे, पाण्याची बादली, चहाचा कप असं काहीबाही हातात घेऊन मी दिवसभर त्या वाटेने डोंबाऱ्यासारखी तोल सावरत जाते-येते. जिन्यात ऊन येत नाही. फुलं वाळायची सोडून आंबायला लागली आहेत. तो गोडसर, डोक्यात चढणारा वास घरभर भरलाय, आणि शेजारच्या शेंडेकाकूंनी परवा फाटकातूनच नाक वर करून विचारलं, "काय व, भट्टी लावली का घरी?"

जिन्याच्या वर, चार पावलांवर, चंद्रपूरचं ऊन आहे. पापड टाकला तर भाजून निघेल असं. दर वर्षी मामाच्या गावाहून मोहफुलांची पिशवी आली की ती गच्चीवरच पसरली जायची आणि बघता बघता मनुक्यासारखी व्हायची. यंदा आई गच्चीवर पाऊल टाकत नाही. वरच्या दारापर्यंत येते, हात मागे बांधून उंबऱ्याच्या अलीकडे उभी राहते, मला जेवायला हाक मारते आणि फिरते. कारण गच्चीवर माझा मोठा कॅनव्हास अंथरलेला आहे, आणि माझ्या चित्राला पुन्हा हात लावायचा नाही असं तिने मागच्या उन्हाळ्यात ठरवलं.

आईने ठरवलं म्हणजे ती काळ्या दगडावरची रेघ. पण मीही तिचीच मुलगी. हे चित्र तिच्या हाताशिवाय पुरं करायचं नाही, असं मी ठरवलं आहे. पावसाळ्यात मुंबईला प्रदर्शन आहे. पाऊस लागला की हवेत धूळ राहत नाही आणि माझं काम थांबतं. तोवर आमच्या दोघींपैकी कोण आधी वाकतं ते दिसेल.

मी ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये वाढले. बाबा वीज केंद्रात, कोळशाच्या विभागात होते. आमच्या कॉलनीतल्या बायकांच्या हातात सदा एक फडकं असायचं. बसण्याआधी खुर्ची पुसायची, वाढण्याआधी ताट पुसायचं, दोरीवरचे कपडे काढताना एकदा झटकायचे आणि घडी घालताना पुन्हा एकदा. पाहुणा दारात दिसला की "या" म्हणायच्या आधी पलंगावरून हात फिरायचा. काळी बारीक धूळ कोळशाची आणि करडी, पिठासारखी, केंद्राच्या चिमण्यांतून उडून येणारी राख ती राखड. दोन्हींचा स्पर्श वेगळा, आणि तो आम्हा पोरींना अंधारातसुद्धा ओळखू यायचा. विहारात जायची आईची पांढरी साडी कधी बाहेर वाळली नाही. ती आतल्या खोलीत, पंख्याखाली, खिडक्या लावून. एकदा मी वैतागून म्हटलं, आपण रोज पुसतो आणि रोज तेच, मग पुसायचंच कशाला? बाबा बूट काढत होते. म्हणाले, "धूळ नको म्हणशीन तं मंग लाइटही नको म्हण. दोघंही एकाच घरचे हायेत."

त्या धुळीने मला रंग शिकवले असं मी हल्ली व्याख्यानांत सांगते, आणि लोक माना डोलावतात. खरं सांगायचं तर तेव्हा मला तिचा संतापच यायचा. जलरंगातलं माझं आकाश सुकेपर्यंत करडं व्हायचं. मी ओल्या चित्रावर मच्छरदाणी लावून बसायचे, आणि आई म्हणायची, चित्राले डास चावतात का?

रंग खरे शिकले ते आईच्या माहेरी, कुरखेड्याकडे. उन्हाळ्याच्या तोंडावर आम्ही तिकडे जायचो तेव्हा मोह गळायला लागलेला असायचा. मोहाचं फूल पहाटे पडतं, एवढंसं, फिकट पिवळं, रसाने तट्ट भरलेलं. पण झाडाखाली वाळक्या पानांचा खच असतो आणि त्यात ते पडलं की हरवतंच. म्हणून आधी झाडाखालची जागा साफ करायची. जुनी माणसं पाला पेटवून द्यायची. तशी आग जंगलात शिरते म्हणून आता मनाई आहे, आणि ते बरंच झालं. हल्ली खराट्याने झाडतात नाहीतर जाळी बांधतात. पण लहानपणी मी पाहिलं ते असं: झाडाखाली काळंकरडं, राखेने माखलेलं एक मोठं वर्तुळ आणि त्यावर रात्रभरात टपटपलेला पिवळा. उजाडता उजाडता तो पिवळा आधी दिसायचा, बाकीचं जग नंतर.

शेजारी गोंडांचं घर होतं. त्या घरातली म्हातारी पहिली फुलं आपल्या देवाला ठेवायची आणि मग टोपली हातात घ्यायची. आमच्या घरात देव राहिले नव्हते. आजोबांनी धर्म बदलला तेव्हा देव्हाऱ्यातले सगळे टाक वैनगंगेत सोडून दिले होते. तरी तिचं होईपर्यंत माझी आजी आपल्या झाडाखाली टोपली पालथी घालून त्यावर बसून राहायची. "तिचं होऊ दे आधी," एवढंच म्हणायची. मला त्या थांबण्याची फार मजा वाटायची. फुलं समोर पडलेली असायची आणि कोणी हात लावायचं नाही.

नागपूरला चित्रकला शिकून आले तेव्हा मी माणसं काढत होते, किल्ल्याचे दरवाजे काढत होते, इरई नदीवरचा पूल काढत होते. हळूहळू एकेक गोष्ट चित्रातून निघून गेली. आधी माणसं गेली, मग पूल गेला. राहिला तो काळा, करडा आणि पिवळा. याला अमूर्त चित्रकला म्हणतात असं मी आईला सांगितलं. तिने तो शब्द तोंडात घोळवला.

"अमूर्त म्हंजे मूर्ती नाई त्याच्यात?"

"तसंच समज."

"बरं हाये मंग. तुह्या आज्यानं देव नदीत सोडले, तू माणसं सोडून दे."

या विषयावर मोठमोठ्या समीक्षकांनी लिहिलेलं मी वाचलं आहे. पण आईच्या या वाक्यापुढे मला ते पाणचट वाटतं.

आमच्याकडे चित्रकार म्हटला की त्याने वाघ काढायचा असतो. हॉटेलवाल्याला वाघ हवा, रिसॉर्टवाल्याला हवा, लग्नात भेट द्यायला हवा. "ताई, एक वाघ काढून द्या ना, पाणी पिऊन राह्यला असा." मी नाही म्हटलं की समोरच्याला वाटतं हिला जमत नसेल. वाघाशी माझं काही वाकडं नाही. पण आईच्या गावाकडे मोह वेचायला बायका घोळक्याने जातात, मोठमोठ्याने बोलत जातात, आणि एक वाकली की दुसरी झाडीकडे तोंड करून उभी राहते. त्या गावात कुणाच्या भिंतीवर मी वाघाचं चित्र पाहिलेलं नाही. मी काढणार नाही ते नाहीच.

पण वाघ नाही, माणूस नाही, पूल नाही, मग गावाने तुमच्या चित्रासमोर उभं का राहावं? हा प्रश्न मी बरीच वर्षं टाळला. चित्रं मुंबईला जायची, दिल्लीला जायची, तिथे लोक हातात ग्लास घेऊन त्यांच्याबद्दल बोलायचे, आणि मी परत येऊन घराजवळच्या किराणा दुकानात "अजून पेंटिंग करता का?" या प्रश्नाला हो म्हणायचे. मागच्या वर्षी मात्र माझं डोकं फिरलं. प्रदर्शन चंद्रपुरातच करायचं, आणि तेही मोह गळायच्या दिवसांतच. कारण चित्रं त्या दिवसांची होती. मुंबईच्या गॅलरीच्या बाईंनी फोनवर एक मोठा श्वास घेतला. "एप्रिलमध्ये? चंद्रपूरला? अगं, कोण येणार?" मी म्हटलं, येतील ते येतील. मनात म्हटलं, कोणी आलं नाही तरी चालेल, पण एकदा मला माझ्या माणसांना बोलावून तर बघू दे.

त्यातलं मोठं चित्र मी होळीच्या आधीच सुरू केलं होतं. खाली फिकट पिवळ्याचे थर. एक सुकला की दुसरा, दुसऱ्यावर तिसरा, मोहाचा तो ओला उजेड सापडेपर्यंत. मग कॅनव्हास गच्चीवर आडवा टाकला आणि स्वस्थ बसले. ज्या धुळीशी मच्छरदाणी लावून भांडले तिला म्हटलं, ये बाई, बस. ती आली. वीज केंद्राच्या चिमण्यांकडून वारा यायचा त्या दिवशी करडी यायची, कोळशाच्या गाड्यांकडून यायचा त्या दिवशी काळी. हळूहळू पिवळा झाकत गेला. अगदी जवळ गेलं तरच कुठे कुठे तो खालून वर येऊ बघताना दिसायचा. मी त्यावर डिंकाचं पातळ पाणी फवारलं, चित्र भिंतीवर उभं करता यावं इतपतच. ओलं बोट लागलं असतं तर राखड निघून आली असती. मला ती पक्की करायची नव्हती. आमच्या घरात ती कधी पक्की नव्हतीच.

प्रदर्शनाच्या आधल्या आठवड्यात गडचिरोलीच्या एका कॉलेजात माझं व्याख्यान होतं. मी पडद्यावर दाखवायला चित्रं नेली होती. तिसऱ्या चित्राला लाइट गेली. पंखे थांबले, पडदा पांढरा झाला आणि मी घामाघूम होऊन नसलेल्या चित्रांबद्दल बोलत राहिले. मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, "मॅडम, याच्यात वाघ कुठी आहे?" सगळे हसले, मीही हसले. मग एक मुलगी उठली. दोन वेण्या, हातात वहीचा पंखा. तिला थट्टा करायची नव्हती.

"मॅडम, हे शिकून नोकरी लागते का?"

मी खरं ते सांगितलं. "नाही लागत."

"मंग तुम्ही काऊन करून राह्यल्या?"

मी उत्तर दिलं. लांबलचक दिलं. त्यात आत्मशोध होता, निसर्ग होता, अभिव्यक्ती होती. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मान हलवली आणि खाली बसली. तिला माझं उत्तर पटलं नव्हतं, आणि परतीच्या बसमध्ये मलाही पटलं नाही. त्या कॉलेजने यंदा पुन्हा बोलावलं आहे. ती मुलगी अजून तिथेच असणार.

मग प्रदर्शनाचा दिवस उजाडला. जटपुरा गेटच्या पुढे एक सभागृह घेतलं होतं. चित्रं आदल्या दिवशीच टांगून झाली होती. उद्घाटन उन्हं उतरल्यावर होतं, आणि मी दुपारी चित्रांच्या नावांच्या पट्ट्या आणायला छापखान्यात गेले. मी नसताना आई आणि शेंडेकाकू ऑटोने डबा घेऊन आल्या. सभागृहात दुसरं कोणी नव्हतं. आईने नेहमीप्रमाणे आधी खुर्च्या पुसल्या, मग पुढचं टेबल पुसलं, आणि मग समोरच्या भिंतीकडे तिचं लक्ष गेलं.

मी दारातून आत आले तेव्हा ती मोठ्या चित्रासमोर उभी होती. पदर खोचलेला, हातात ओलं फडकं, पायाशी बादली. बादलीतलं पाणी काळं झालेलं. कॅनव्हासच्या खालच्या भागावरून मोठे, गोल, खिडकीची काच पुसावी तसे हात फिरले होते. जिथपर्यंत तिचा हात पुरला तिथपर्यंत राखड निघाली होती आणि खालचा पिवळा उघडा पडला होता. वरच्या भागात, तिचा हात पोचला नाही तिथे, करडा जसाच्या तसा होता.

"किती धूळ बसली होती त्याच्यावर," ती आनंदाने म्हणाली. "लोकं येतीन तं काय म्हणतीन? मी पुसून देल्लं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. होळीपासूनचं काम, गच्चीवर राखण करत घालवलेल्या त्या सगळ्या दुपारी, सगळं त्या बादलीत होतं. मला ओरडायचं होतं. पण तिचा चेहरा घामाने डबडबलेला आणि असा खुललेला होता की माझ्या तोंडून निघालं, "बरं केलं." आणि मी नावांच्या पट्ट्या घेऊन मागच्या खोलीत गेले. तिथे उभी राहून मी स्वतःला विचारलं, चित्र काढून ठेवायचं का? मुख्य भिंत रिकामी ठेवायची? मग माझाच हट्ट माझ्या कामी आला. ज्या गावात प्रदर्शन करायचं म्हणून मी भांडले, त्या गावाने चित्राला पहिला हात लावला होता. आता ते लपवायचं नाही. राहू दे तसंच.

संध्याकाळी लोक आले. मला वाटलं होतं त्याहून बरेच आले. काही कूलरसाठी आले असतील, माझी हरकत नव्हती. बाकीच्या चित्रांसमोर ते हात मागे घेऊन, दवाखान्यात चालावं तसं दबकत चालत होते. मोठ्या चित्राशी आले की त्यांचे हात सुटायचे. एकाने नाक जवळ नेलं आणि म्हणाला, "हे तं आपली राखड हाये." कॉलनीतल्या जुन्या बायका घोळका करून उभ्या राहिल्या.

"हे पाय, इथी कोणीतरी हात फिरवला."

"वरचं राह्यलं पण."

"पुरला नसन हात. स्टूल द्या व कोणी, मी करते."

आणि ती खरंच स्टूल शोधायला लागली. मला तिला आवरावं लागलं. मग त्या दोऱ्यांवरच्या कपड्यांबद्दल बोलायला लागल्या, लेकरांच्या पांढऱ्या गणवेशाबद्दल, सुट्टीत बहिणीकडे वरोऱ्याला गेल्यावर खुर्ची पुसायला हात कसा आपोआप पुढे व्हायचा आणि बहीण कशी रागवायची याबद्दल. एका अमूर्त चित्रासमोर उभ्या राहून. मी खांबाच्या आड उभी राहून ऐकत होते. दिल्लीत माझ्या चित्रासमोर इतकं खरं कोणी बोललं नव्हतं.

गॅलरीच्या बाईंना फोटो पाठवला तर त्यांनी लगेच फोन केला. "विलक्षण! ही पुसण्याची कल्पना कधी सुचली तुला?" मी म्हटलं, माझी नाही, आईची. त्यांना तो माझा विनय वाटला.

आणि त्याच संध्याकाळी ते घडलं. एका तरुण वार्ताहराला कुठूनतरी ही गोष्ट कळली होती. तो आईजवळ गेला आणि हसत हसत विचारलं, "आजी, ते चित्र म्हणे तुम्हीच पुसलं? ती धूळच तं चित्र होती ना." आईने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवायला हवी होती की नको, हे मला समजेपर्यंत तिला समजलं होतं. ती भिंतीजवळच्या खुर्चीवर जाऊन बसली. खुर्ची न पुसता बसली. जन्मात मी तिला असं बसताना पाहिलं नव्हतं.

त्यानंतर मी तिला किती समजावलं. लोकांना तेच चित्र आवडलं, मुंबईच्या बाईंनाही आवडलं, मलाही आवडलं. शेवटचं सांगायला मला थोडे दिवस लागले, पण ते खरं होतं. तिचं एकच. "लोकाईचं काय घेऊन बसली. तुहं होतं ना ते." तेव्हापासून ती चित्रांपासून लांब. बैठकीतल्या माझ्या जुन्या चित्राच्या चौकटीवर वर्षाची राखड साचली आहे. घरातली तेवढी एकच वस्तू ती पुसत नाही.

यंदा मोह गळायला लागला आणि मी पुन्हा खाली पिवळ्याचे थर घातले, पुन्हा कॅनव्हास गच्चीवर टाकला, पुन्हा धुळीला बस म्हटलं. ती बसल्यावर पुसायला मीच घेतलं. एक लहान कॅनव्हास पुसला, मग दुसरा, मग अजून काही. सगळे वाया गेले. माझा हात चित्रकाराचा. तो पुसतानासुद्धा छान दिसायला बघतो. इथे जरा जास्त, तिथे जरा कमी, मध्येच थांबून मागे सरकून पाहणं. पुसणाऱ्याचा हात असा थांबत नाही. त्याला काहीतरी साफ करायचं असतं. ते खोटे हात बघून मला माझीच लाज वाटली, आणि मी खाली जाऊन आईला स्पष्टच म्हटलं, "तू चल वर. मोठं तू पूस."

"माही गंमत करून राह्यली का?"

"नाई. खरंच."

"पुन्हा माह्या हातून काही झालं तं?"

"तुह्या हातूनच व्हायले पाहिजे."

"मी नाई हात लावत तुह्या कामाले," ती म्हणाली, आणि मामाच्या गावाहून आलेली पिशवी उघडून पहिल्या पायरीवर साडीचा तुकडा अंथरला.

तेव्हापासून हे चाललं आहे. ती जिन्यात, मी गच्चीवर. मी रोज उजाडायच्या आधी वर जाते, कारण नंतर पत्र्याखाली उभं राहवत नाही आणि रंग ब्रशवरच सुकतो. मुंबईहून फोन येतात, मोठं चित्र झालं का? मी सांगते, होईल. रागाने नाही सांगत. मला खात्री आहे म्हणून सांगते. वळिवाचे ढग एकदा येऊन गेले तेव्हा मी कॅनव्हासवर ताडपत्री धरून बसले, पण दुसऱ्या कुणाला पुसायला बोलावलं नाही. शेंडेकाकू तयार होत्या. स्टूल घेऊन तयार होत्या.

आज सकाळी मी ब्रश धूत असताना जिन्यात सळसळ ऐकू आली. आई पायरी पायरीवरची फुलं टोपलीत गोळा करत वर येत होती. दारापाशी आली, थांबली. मग उंबरा ओलांडून गच्चीवर आली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"बुरशी लागून राह्यली जिन्यात," ती हवेला सांगावं तसं म्हणाली.

कॅनव्हासला लांबून वळसा घालून तिने कठड्याजवळ साडी पसरली आणि त्यावर फुलं ओतली. त्यांचा रंग गेला होता, पण उन्हात आल्याबरोबर वास मोकळा झाला. मी ब्रश धूतच राहिले. धुवून झालेले पुन्हा धुतले. काही बोलले असते तर ती खाली गेली असती. फुलं पसरून झाल्यावर ती परत निघाली, आणि या वेळी वळसा न घालता कॅनव्हासच्या कडेला येऊन उकिडवी बसली. हात गुडघ्यांवर. बराच वेळ खाली बघत राहिली.

"खाली पिवळं हाये ना?"

"हाये."

"मांगच्या साली बी होतं."

माझा हात पाण्यातच राहिला. "तुले दिसलं होतं?"

"डोळे फुटले का माहे? कोपऱ्यातून दिसत होतं ना. मोहावानी. म्हणून तं पुसलं." ती अजून कॅनव्हासकडेच बघत होती. "मी म्हटलं, इतकं चांगलं खालचं, अन् वरून धूळ बसली. लोकं येतीन तं त्याइले दिसन कसं?"

"मंग तवाच काऊन नाई सांगतलं?"

"तू बरं केलं म्हणून आत गेली. अन् मंग ते पोरगं म्हणे, धूळच चित्र होती. मले वाटलं, मलेच समजलं नाई."

माझ्या सगळ्या प्रदर्शनांत, सगळ्या व्याख्यानांत, राखडीखालचा तो पिवळा न सांगता पाहणारं पहिलं माणूस माझ्या घरातच होतं, आणि त्याला आम्ही सगळ्यांनी मिळून सांगितलं होतं की तुला समजलं नाही. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. ती म्हणाली, "आता काय झालं व?" मी काही नाही म्हटलं आणि बादली तिच्याकडे सरकवली.

तिने लगेच हात घातला नाही. आधी माझ्याकडे पाहिलं, मग बादलीकडे. मग फडकं भिजवून घट्ट पिळलं.

"कुठून करू?"

"तुले दिसते तिथून."

तिने पदर खोचला आणि मोहाखाली झाडतात तसं आपल्या पायापासून सुरू केलं. हात कुठे थांबला नाही, मागे सरकून तिने काही पाहिलं नाही. गडचिरोलीच्या त्या मुलीला काय सांगायचं ते मला आता माहीत आहे, आणि ते एका वाक्यात सांगून होईल: खालचं चांगलं आहे ते लोकांना दिसावं म्हणून. राखड फडक्याबरोबर निघत होती आणि खालून पिवळा वर येत होता. अर्ध्यावर आल्यावर ती गुडघ्यावर हात टेकून जरा सरळ झाली आणि कॅनव्हासच्या पलीकडच्या टोकाकडे पाहिलं.

"यंदा खाली ठेवलं ते बरं केलं," ती म्हणाली. "आता सगळीकडे पुरते माहा हात."